शेतकऱ्याच्या हाती मोबाईल : महाड-पोलादपूर भागातील अनुभव

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत शेती करणाऱ्यास दोन गोष्टी वेळेवर कळणे अगत्याचे असते. घाटमाथ्यावर पाऊस किती झाला ही एक, आणि शेजारच्या खाचरात कोणती कीड उतरली ही दुसरी. सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते. हे अंतर फार नाही, उतार मात्र मोठा आहे. त्यामुळे माथ्यावर पडलेले पाणी काही तासांतच खाली उतरते; आणि नेमक्या त्याच वेळी खाडीस भरती असली, तर ते पुढे न सरकता महाड शहरात व आसपासच्या भातखाचरांत पसरते. किडीचेही काहीसे असेच आहे. पोषक हवा मिळाली की आठ-पंधरा दिवसांत तिची संख्या अनेक पटींनी वाढते, आणि ती बांध मानीत नाही.

अशा मुलखात बातमी लवकर पोहोचविणारे जे कोणते साधन असेल ते शेतकऱ्याने जवळ करावयास हवे. आज हे साधन म्हणजे मोबाईलवरील समाजमाध्यमे होत. त्यांतही आपल्याकडे मुख्यतः व्हॉट्सॲप. मोबाईल घरोघर आहे. परंतु ज्यांच्या शब्दावर घरची शेती चालते, असे साठीच्या आसपासचे शेतकरी बंधू त्यापासून दूर राहतात, असा या भागात काम करताना येणारा अनुभव आहे. प्रस्तुत लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. घरातील मुलांनी तो त्यांना वाचून दाखविल्यास उत्तमच.

त्यांचे आक्षेप निराधार नाहीत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. "दिवसभर मान खाली घालून बसणारी पोरे आम्ही पाहतो," असे ते म्हणतात. ते खरे आहे. "त्यात येते त्यातले निम्मे खोटे असते," हेही खरे आहे. तिसरा आक्षेप बहुधा उघड बोलला जात नाही, तो असा की अक्षरे टंकता येत नाहीत, चुकीचे काही दाबले जाईल, आणि नातवंडांसमोर हसे होईल. माझ्या मते खरी अडचण ही तिसरीच आहे. पहिल्या दोन तिच्यावर घातलेले पांघरूण असते.

पोलादपूर तालुक्यातील डोंगरकडेच्या एका वाडीतील एक वयस्कर शेतकरी या बाबतीत उदाहरणादाखल घेता येतील. त्यांचे नाव देत नाही. मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना मोबाईल आणून दिला होता. तो ते फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवीत आणि रविवारी मुलाचा फोन यावयाच्या वेळी बाहेर काढीत. गावच्या शेतकऱ्यांचा गट मोबाईलवर करावयाचे ठरले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, हे खेळणे पोरांना द्या. माझे शेत मला माझ्या डोळ्यांनी दिसते." मी त्यांना एवढेच म्हटले, "काका, तुमचे शेत तुम्हांला दिसते. पण शेजारच्या कोंडावरचे शेत तुम्हांला दिसत नाही, आणि तुमचे शेत त्यांना दिसत नाही." हे त्यांस पटले असे नव्हे, पण पुतण्याने त्यांचा क्रमांक गटात घातला तेव्हा त्यांनी तो काढावयास लावला नाही.

पुढे भात पोटरीतून बाहेर पडण्याच्या सुमारास त्यांच्या खाचरात मधोमध पिवळट तांबूस असा एक वाटोळा पट्टा दिसू लागला. त्यांनी तो पाण्याचा किंवा खताचा दोष समजून युरिया टाकण्याचा बेत केला होता. पुतण्याने त्या पट्ट्याचे छायाचित्र काढून गटात टाकले. त्यावरून निश्चित काही सांगता येण्यासारखे नव्हते. तेव्हा चूड हाताने फाकवून बुंध्याशी, पाण्याच्या लगत, जवळून छायाचित्र घ्यावे, असे त्यास कळविले. दुसऱ्या छायाचित्रात बुंध्याला चिकटलेले तपकिरी तुडतुडे स्वच्छ दिसले. युरिया टाकला असता तर रोपे अधिक लुसलुशीत होऊन तुडतुड्यांचे फावले असते. खाचरातील पाणी तीन-चार दिवस काढून टाकणे, नत्राची मात्रा थांबविणे, चुडांच्या ओळी बाजूस सारून मध्ये हवा व ऊन खेळू देणे, आणि कीटकनाशक लागलेच तर ते शेंड्यावर न मारता बुंध्यावर मारणे, हा उपाय त्याच दिवशी सांगता आला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गटातील आणखी काही शेतकऱ्यांनी त्याच संध्याकाळी आपापल्या खाचरांत उतरून चूड फाकवून पाहिले, आणि दोघांस तुडतुडे थोड्या प्रमाणात असतानाच सापडले.

त्या दिवसापासून मोबाईल फडताळातून बाहेर आला तो आला. काकांना आजही अक्षरे टंकता येत नाहीत. त्याची गरजही नाही. मोबाईलवर ध्वनिमुद्रणाची एक खूण असते. ती दाबून धरावी, बोलावे आणि बोट उचलावे. बोलणे जसेच्या तसे गटात जाते. ही एक युक्ती कळली की वयस्कर माणसाचा निम्मा संकोच जातो. गटातील तरुणांची वाक्ये त्रोटक असतात, काकांची ध्वनिफीत मात्र चांगली दोन-तीन मिनिटांची असते. ती सर्वजण ऐकतात, कारण तीत ओढ्याला पाणी कोणत्या रंगाचे आले आणि वारा कोणत्या खिंडीतून आहे, हे असते.

येथे या साधनाचे स्वरूप थोडे समजून घेणे इष्ट होईल. शेतकऱ्यांना एकत्र बसवून माहिती देण्याची कल्पना नवीन नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी भाषिक जिल्ह्यांत, दीडशे गावांत, ग्रामीण श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला होता. गावातील निवडक मंडळी रेडिओभोवती जमत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. ऐका, चर्चा करा आणि कृती करा, असे त्या प्रयोगाचे सूत्र होते. या प्रयोगाचा नंतर टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत अभ्यास झाला, आणि नुसते ऐकणाऱ्या गावांपेक्षा चर्चा करणाऱ्या गावांत माहिती अधिक रुजते असे त्यात आढळून आले. त्या मंडळाची एकच अडचण होती. प्रश्न पत्राने जाई, आणि उत्तर पुढील एखाद्या कार्यक्रमात येई. तोपर्यंत अळीने पीक खाल्लेले असे. मोबाईलवरील गट म्हणजे तेच श्रोतृमंडळ. फरक इतकाच की येथे प्रत्येक श्रोता हा वक्ताही आहे, आणि बोलण्यासोबत छायाचित्रही पाठविता येते. व्हॉट्सॲपच्या एका गटात २०२२ पासून १०२४ सभासद घेता येतात. पण शेतीच्या कामास एवढा मोठा गट निरुपयोगी ठरतो. एका खोऱ्यातील, एकाच प्रकारची जमीन कसणारे चाळीस-पन्नास शेतकरी पुरेत.

आता छायाचित्राविषयी. गटात येणारी बहुसंख्य छायाचित्रे पाहून काहीच निदान करता येत नाही, ही आम्हां कृषी विभागातील मंडळींची नित्याची तक्रार आहे. पिवळे पान अनेक कारणांनी होते. म्हणून निदान तीन छायाचित्रे पाठवावीत. पहिले बांधावर उभे राहून संपूर्ण खाचराचे. त्यावरून दोष ठिकठिकाणी पट्ट्यापट्ट्यांत आहे की सर्वत्र सारखा, हे कळते. दुसरे एका चुडाचे, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. तिसरे दोष असलेल्या भागाचे अगदी जवळून, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे ठिपक्याचा किंवा किडीचा आकार समजतो. उन्हाकडे पाठ करावी, आणि पानावर स्वतःची सावली पडू देऊ नये. सकाळी आठ-नऊची वेळ उत्तम. भाताच्या पानावर दोन्ही टोकांस निमुळते, मध्ये राखाडी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके असतील तर तो करपा. पान कडेने शेंड्याकडून खाली वाळत आले असेल तर जिवाणूंचा कडा करपा असण्याचा संभव. लोंबी पांढरी पडून सरळ उभी राहिली, आणि ओढताच सहज उपसून आली, तर ती खोडकिड्याची पळींज होय. हे सर्व छायाचित्रात दिसू शकते; परंतु उपसून येते की नाही हे हातालाच कळते, तेव्हा ते बोलून सांगावे. सोबत भाताची जात, लावणीची तारीख आणि टाकलेले खत सांगितल्यास निम्मे काम होते.

लष्करी अळीच्या बाबतीत तर तासांचा हिशेब असतो. भात पिकण्याच्या वेळी ही अळी दिवसा चुडांच्या बुडाशी लपते व रात्री वर चढून लोंब्या कुरतडते. सकाळी खाचरात लोंब्यांचा सडा दिसतो तेव्हा शेतकऱ्यास प्रथम उंदरांचा संशय येतो. एका शेतातील पीक संपले की अळ्या झुंडीने पुढच्या शेतात शिरतात. ज्याच्या शेतात त्या प्रथम दिसल्या त्याने गटात कळविले, तर पुढच्या बांधावरील शेतकरी चर खणून ठेवू शकतो, पाणी असेल तर खाचर भरून अळ्यांस वर यावयास लावू शकतो, म्हणजे पक्षी त्यांचा फडशा पाडतात. आणि पीक तयार असेल तर कापणी दोन दिवस अलीकडे घेता येते. ज्याचे शेत आधीच गेले त्यास यात काही लाभ नाही. तरीही त्याने कळविले पाहिजे, कारण पुढील वर्षी प्रथम शेत कोणाचे असेल हे कोणास सांगता येणार?

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. कीटकनाशकाचे नाव व प्रमाण एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास धाडलेल्या संदेशावरून कधीही घेऊ नये. तो संदेश द्राक्षासाठी लिहिलेला असतो की कापसासाठी, हे कित्येकदा त्यात नमूदही नसते. कोकणातील भातासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आणि डब्यावरील लेबल हेच प्रमाण मानावे. याच विद्यापीठाच्या केंद्रांतून हवामान खात्याच्या सहकार्याने दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. तो गटात नियमाने टाकण्याचे काम एका जबाबदार तरुणाकडे सोपवावे.

परंतु महाड-पोलादपुरास या साधनाचे महत्त्व पिकापेक्षाही अधिक आहे. २००५ च्या जुलै अखेरीस महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळून प्राणहानी झाली. त्या दिवशीच्या चोवीस तासांत महाबळेश्वरास सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. महाड शहर पाण्याखाली, रस्ते बंद, वीज व मोबाईलची सेवा खंडित, अशा स्थितीत तळियेस मदत पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला.

यावरून कोणी म्हणेल की ऐन वेळी मोबाईल बंदच पडतो, तर मग त्याचा उपयोग काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर असे की मोबाईलचा उपयोग दरड कोसळल्यानंतरच्या तासात नसून त्याआधीच्या दिवसांत आहे. डोंगर बहुधा काही खुणा देतो. उतारावर जमिनीस नवी भेग पडते, किंवा जुनी रुंदावते. झाडे व विजेचे खांब कलतात. जेथे कधी पाणी नव्हते तेथे झरा फुटतो. असलेल्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा आटते. घराच्या भिंतीस तडा जातो, दार चौकटीत अडकू लागते. या खुणा मुंबईहून गणपतीस येणाऱ्या तरुणाच्या ध्यानात येणार नाहीत. मागील चाळीस पावसाळे ज्याने तोच उतार तुडविला आहे, गुरे चारली आहेत, त्यालाच यंदा काय वेगळे आहे हे समजेल. म्हणूनच वृद्ध शेतकरी गटात नसेल तर तो गट आंधळा आहे असे मी समजतो. भेगेचे छायाचित्र काठी आडवी ठेवून घ्यावे, दुसऱ्या दिवशी तीच काठी त्याच जागी ठेवून पुन्हा घ्यावे, आणि दोन्ही छायाचित्रे तारखेसह पोलीस पाटील व तहसील कार्यालयाकडे पाठवावीत. भेग वाढत असल्याचा याहून चांगला पुरावा सामान्य माणसास देता येत नाही. मात्र पाऊस जोराचा असेल व भेग वाढत असेल तर दुसऱ्या छायाचित्राची वाट न पाहता वाडी सोडून सुरक्षित जागी जावे.

पुराच्या बाबतीत वरच्या गावांनी खालच्या गावांस कळविणे हाच मुख्य उपयोग. पोलादपूरच्या वरच्या अंगास पुलाच्या खांबावर पाणी कोठवर आले, याचे एक छायाचित्र वेळ नमूद करून टाकले, तर सावित्रीकाठच्या खालच्या गावांतील शेतकऱ्यास गुरे सोडून उंचावर नेण्यास, पंप काढण्यास आणि भाताचे बियाणे माळ्यावर चढविण्यास अवधी मिळतो. हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे सामान्यतः चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पावसाचा संभव. आणि आपल्याला महाडच्या इशाऱ्याबरोबर साताऱ्याचाही पाहावा लागतो, कारण महाबळेश्वर त्या जिल्ह्यात आहे. ही साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता खोट्या बातम्यांविषयी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या, मोबाईलवरून पसरलेल्या अफवेमुळे जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. पुष्कळदा फिरलेल्या संदेशावर आता दुहेरी बाण दिसतो. दुहेरी बाण असलेला संदेश म्हणजे मालक नसलेले जनावर समजावे. त्यास दावणीस बांधू नये. अर्थात अफवेस मोबाईलच लागतो असे नाही. २८ जुलै २००५ रोजी मुंबईत धरण फुटल्याची व समुद्र आत आल्याची अफवा तोंडोतोंडी पसरून चेंगराचेंगरीत माणसे मेली, तेव्हा व्हॉट्सॲप जन्मालाही आले नव्हते. आमच्या भागातील गटांसाठी मी एक नियम सुचवितो: पाऊस, पूर व दरड यांविषयी केवळ स्वतः पाहिलेले सांगावे, आणि कोठून, किती वाजता पाहिले ते सांगावे. बाकी सर्व अधिकृत इशाऱ्यावर सोडावे.

फसवणुकीचा प्रकार वेगळा आहे. पीएम-किसान योजनेच्या नावाने गटात एखादी फाईल येते, ती उघडण्यास सांगितले जाते, आणि ती उघडून मोबाईलमध्ये बसविली की मोबाईलचा ताबा दुसऱ्याकडे जाऊन बँकेतील रक्कम नाहीशी होते. कोणत्याही शासकीय योजनेचा हप्ता मिळण्यासाठी गटात आलेली फाईल उघडावी लागत नाही. मोबाईलवर येणारा गुप्त क्रमांक कोणासही, अगदी साहेब म्हणविणाऱ्यासही, सांगू नये. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

विक्रीविषयी थोडेच लिहितो. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातील अनेक आंबा बागायतदारांनी मोबाईलवरून मागणी घेऊन पेट्या थेट शहरांतील वसाहतींत पोहोचविल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. आपल्याकडे प्रत्येक वाडीचे निम्मे लोक मुंबईत असतात, आणि कडव्या वालाची, नाचणीची व गावच्या तांदळाची आठवण त्यांस असतेच. पालखीच्या व उत्सवाच्या वर्गणीसाठी केलेले गट तयार आहेत. त्यांतून मागणी घेता येईल. पण वजन, प्रत व पैसे यांत चोख राहिले नाही, तर व्यापाऱ्याशी होणारे भांडण भावकीत होते, एवढे लक्षात ठेवावे.

स्त्रियांना गटात घेण्याविषयी पुरुषमंडळी अजून कचरतात. लावणी, बेणणी व बियाण्याची साठवण ज्यांच्या हातची, त्यांनाच किडीची बातमी शेवटी कळावी हे शहाणपणाचे नाही. ज्या वाडीत महिला बचत गटाचा मोबाईल गट आहे, तेथे निरोप अधिक लवकर फिरतो, असे मी पाहिले आहे.

पावसाळ्यापूर्वी करावयाची तयारी अशी. खोऱ्यातील काही वाड्यांत मोबाईलची सेवा एखाद्या टेकाडावर किंवा देवळाच्या ओट्यावरच मिळते. इशाऱ्याच्या दिवसांत तेथे सकाळ-संध्याकाळ जाऊन निरोप पाहून येण्याची पाळी तरुणांत वाटून घ्यावी, आणि तो निरोप दवंडीने अथवा देवळाच्या घंटेने वाडीत पोहोचवावा. विद्युतसंच, म्हणजे ज्यास पॉवर बँक म्हणतात तो, घरटी नसला तरी वाडीत दोन तरी असावेत, आणि ते आठवड्यातून एकदा पूर्ण भारित करावेत. आपत्तीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीच्या मदतीचा ११२, शेतीविषयक सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१, आणि गावचे पोलीस पाटील व सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांचे क्रमांक घराच्या आतील भिंतीवर, पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, रंगाने लिहून ठेवावेत. मोबाईल बंद पडला की त्यात साठविलेले क्रमांकही त्याबरोबर बंद पडतात.